आप्पेपात्रातले राक्षस

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याने माझ्याकडे हौसेने काही करून मागितलं असेल तर ते एकदाच, आणि तेव्हा त्यांनी राक्षस मागितला.

पुरणपोळी नाही, स्वेटर नाही. राक्षस. तेसुद्धा पोह्यांवर लिंबू पिळता पिळता, जणू काही 'अजून थोडं खोबरं दे' म्हणावं अशा आवाजात.

"कसला राक्षस?" मी विचारलं.

"लिबलिबीत," हे म्हणाले. मग जरा विचार करून, "आरपार दिसणारा. हिरवा. आतमध्ये त्याने गिळलेल्या माणसाची हाडं दिसली पाहिजेत."

मी चहाची किटली खाली ठेवली आणि स्वतःही खुर्चीवर बसले. आमच्या ह्यांचा शब्दांचा खर्च फार बेताचा. सकाळी 'चहा', निघताना 'येतो', परत आल्यावर 'पत्र?' आणि झोपताना 'दिवा'. मला पाहायला आले होते तेव्हाही 'बरं आहे' एवढंच म्हणाले होते, आणि ते मला उद्देशून की कांदेपोह्यांना, हे अजून ठरायचंय. त्या माणसाच्या तोंडून एका दमात इतकी विशेषणं, आणि शेवटी 'हाडं'!

आता हा राक्षस आला कुठून ते सांगायला हवं. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर खुळे होणार, अशी तेव्हा आवई होती. ते होऊ नयेत म्हणून कॉम्प्युटरची एक जुनी भाषा येणारी माणसं कंपन्या हुडकून हुडकून नेत होत्या. ह्यांना ती भाषा येत होती. (लिहायची. बोलायची असती तर आली नसती.) म्हणून पुण्याची बँकेतली नोकरी सोडून आम्ही हैदराबादला आलो, बरकतपुऱ्यात हिम्मतरावांच्या माडीवर भाड्याने राहू लागलो, आणि कंपनीने ह्यांना अमेरिकेतल्या एका गोठलेल्या गावी सहा महिने धाडलं. लोकांचे नवरे तिकडून सेंट आणतात, न चिकटणारी कढई आणतात. आमच्या ह्यांच्या बॅगेत निघाले वीस बाजूंचे फासे, बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई आणि विटेएवढं एक पुस्तक.

खेळ असा. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि 'आता मी हे करतो' असं सांगतात. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. टेबलावर नकाशा, नकाशावर शिपाई, समोर राक्षस. दर रविवारी दुपारी ऑफिसातली दोन मुलं, अभिजीत आणि रुपाली, आमच्याकडे यायची. आणि गोष्ट सांगायचे ते आमचे हे!

पहिल्या रविवारी मी स्वयंपाकघरात भजी तळत होते आणि बाहेरून एक थेरडी खदाखदा हसली. मी झारा हातात घेऊनच धावले. बाहेर म्हातारी नव्हतीच. हे खुर्चीत ताठ बसले होते आणि चेटकिणीचा आवाज ह्यांच्या गळ्यातून येत होता. त्या दिवसापासून दर रविवारी मी कढईवर झाकण ठेवून, गॅस बारीक करून ऐकत बसायचे. राजा, चोर, घुबड, दरोडेखोरांचा लाचार मुनीम... इतकी माणसं माझ्या नवऱ्याच्या पोटात राहत होती, आणि मला वाटत होतं की माझा संसार एकाच माणसाशी चाललाय.

आणि आता अभिजीतचा व्हिसा आला होता. पुढच्या सोमवारी तो अमेरिकेला निघणार. एकट्या रुपालीला घेऊन हा खेळ होत नाही म्हणे. म्हणजे येणारा रविवार शेवटचा. त्यानंतर 'चहा', 'येतो', 'पत्र?' आणि 'दिवा'. गोष्ट शेवटच्या भुयारापाशी आली होती, आणि त्या भुयारात हा बुळबुळीत राक्षस तुंबून बसला होता. गोष्ट थाटात संपावी एवढंच ह्यांना हवं होतं. मग मी नाही कशी म्हणणार?

शिवाय मी रुखवत करणारी बाई. बरकतपुरा ते काचीगुडा कुठल्याही मराठी लग्नात रुखवत मांडलेलं असेल तर त्यातली साखरेची तुळस आणि लवंगांची बैलगाडी माझी. हे सगळं मी कुठे शिकले नाही, बघून बघून हात बसला. तुळस जमते त्या हाताला राक्षस जड जाऊ नये, असा माझा अंदाज होता.

पहिला राक्षस मी चायना ग्रासचा केला. पाण्यात शिजवलं, हिरवा रंग घातला, हाडं म्हणून आगकाड्यांचे तुकडे टाकले आणि मोदकाच्या साच्यात ओतलं. फ्रिजमधून काढला तेव्हा असा सुरेख थरथरत होता की मलाच कौतुक वाटलं. पण मी आंघोळीला गेले, आणि घरमालक हिम्मतराव पाण्याची मोटर लावल्याची वर्दी द्यायला वर आले. हिम्मतराव सचिवालयातून निवृत्त झालेले, शिक्षण सगळं उर्दूत, त्यामुळे त्यांच्या मराठीला शेरवानी घातलेली असे. मी बाहेर येते तो, गृहस्थ चमच्याने राक्षस संपवत होते.

"लाजवाब," ते म्हणाले. "मधे जराशी काडी लागली. पण चव नफीस."

माणसाने राक्षस खाल्ल्याचं पुराणातही ऐकलं नव्हतं.

हिम्मतरावांना कळलं म्हणजे इंदुमावशींना कळलं, आणि इंदुमावशींना कळलं म्हणजे गल्लीला कळलं. इंदुमावशी त्यांच्या पत्नी. त्यांचं सात पिढ्यांचं हैदराबाद, त्यामुळे त्या मराठी बोलतात तेव्हा बिर्याणीत वरण कालवल्यासारखं लागतं, पण गोड लागतं.

"कैकु इत्ती परेशान होतीस गे मंगला? तो गुलाबी आरपार दिसतो तो साबण घे की. कोर त्याला. मुंग्याबी लागत नैत आन् आमचे हेबी खात नैत."

सल्ला वाईट नव्हता. ग्लिसरीनचा साबण आणून मी नेलकटरच्या पात्याने कोरला. हिरवा मिळाला नाही म्हणून केशरी. ह्यांनी रुपालीला दाखवायला तो ऑफिसात नेला. रुपालीच्या हाताला घाम फार. संध्याकाळी हे परत आले ते राक्षस रुमालात गुंडाळून.

"काय झालं?"

"फेस आला," हे म्हणाले. रुमाल टेबलावर ठेवून म्हणाले, "राहू दे, मंगला."

ते 'राहू दे' मला लागलं. रागावून म्हणाले असते तर मीही चार शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण ते अगदी सहज म्हणाले, मागायची सवय नसलेलं माणूस म्हणतं तसं. मी तिथल्या तिथे ठरवलं की आता राक्षस होणार, आणि रविवारी टेबलावर येईपर्यंत ह्यांना पत्ता लागू द्यायचा नाही.

वह्या-पेनांच्या दुकानात पारदर्शक पेपरवेट मिळतात ना, आत विंचू असलेले? ते ज्याचे करतात ते रेझिन बेगम बाजारच्या मागच्या गल्लीत मिळतं, अशी बातमी लागली. गेले. दुकानदाराने रेझिनचा डबा पुढे केला. ते घट्ट व्हायला दुसऱ्या बाटलीतलं औषध लागतं, त्याला हार्डनर म्हणतात. ती बाटली मात्र त्याने काउंटरखालीच ठेवली.

"खुल्ले में नै देते अम्मा. फॅक्टरी का लेटर लाओ. क्या बनाते आप?"

"राक्षस," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या कढीपत्त्याकडे पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हिम्मतरावांना ही हकीकत सांगितली आणि म्हाताऱ्याच्या अंगात वीज संचारली. निवृत्तीनंतर त्यांच्या हातून एकही फाइल गेली नव्हती. "मंगलाबाई, जमाना पलटला! सरकारच म्हणतंय, कारखाने काढा, परवान्यांचा काळ गेला. आपण दरख्वास्त देऊ."

"परवान्यांचा काळ गेला तर दरख्वास्त कशाला?"

"परवाना लागत नाही याचा दाखला नको का?"

त्यांनी शेरवानी खरोखरच घातली आणि आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला, परत वाचला, आणि चष्मा काढला.

"खाण्याचा पदार्थ आहे का?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही," हिम्मतराव म्हणाले. ज्यांनी तो चमच्याने संपवला होता, तेच हे हिम्मतराव.

"देवाची मूर्ती की खेळणं?"

"देव कसा असेल? राक्षस आहे."

"मग खेळणं लिहितो. किती वर्षांच्या मुलांसाठी?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले.

कारकुनाने तो रकाना कोरा ठेवला. बरीच खलबतं होऊन शेवटी माझे राक्षस 'मूर्ती (इतर)' या सदरात बसले. देवांच्या शेजारी बसल्याचं त्यांना कसं वाटलं असेल कोण जाणे. "ठीक आहे, इन्स्पेक्टर येईल, माल बघून जाईल," असं सांगून त्याने शिक्का मारला. तो शिक्का पाहून बेगम बाजारच्या दुकानदाराने हार्डनरची बाटली दोन्ही हातांनी दिली.

पुढचे दिवस सगळी कामं सोडून मी गॅलरीत. रेझिनचा वास असा की शेजारच्या सुनेला कोरड्या उलट्या सुरू झाल्या आणि तिच्या सासूने आनंदाने पेढे वाटले. नंतर तो वास माझा आहे असं कळलं, तेव्हापासून ती सासू माझ्याशी बोलत नाही. पेढे परत मागायचे तेवढे राहिले.

हार्डनर थेंबांनी घालायचं असतं. मी फोडणीत मोहरी घालते त्या मापाने घातलं. वाटी तापली, तडकली, भसकन धूर निघाला आणि आत चमचा उभाच्या उभा राहिला. तो अजून तसाच आहे. मोदकाच्या साच्याला मेण लावायचं सुचलं नाही, म्हणून साचा आणि राक्षस जन्मोजन्मीचे एक झाले. सासूबाईंनी दिलेला साचा. त्या पुण्याला असल्यामुळे वाचले.

कामवाली भामा केरसुणी धरून हे सगळं बघत होती. "अम्मा, आप्पे जैसे गोल-गोलच बनाना है ना? तो आप्पे के बर्तन में डालो ना!"

आप्पेपात्र! बिडाचं, सात खळग्यांचं, मेणबत्ती घासली की गुळगुळीत. रंगासाठी काचेवर चित्रं काढायचा हिरवा रंग घेतला. तेव्हा ज्या त्या घरात बायका काचेवर मोर काढत होत्या, त्यामुळे तो कोपऱ्यावरच मिळाला. पांढरा कंगवा मोडून दातांच्या बरगड्या केल्या. कवटीसाठी साबुदाणा. प्रत्येक दाण्याला तापल्या सुईने दोन डोळे. रेझिन अर्धवट आवळलं की दाभणाने ओढून बाजूंनी ओघळ काढले, ते हात पसरून सरपटत आल्यासारखे दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी पात्र उलटं केलं आणि सातही राक्षस टपाटपा खाली पडले. एक उचलून उन्हात धरला. त्याच्या आत हिरवा उजेड साठला होता आणि त्या उजेडात एक बारकंसं माणूस बरगड्या आवळून झोपलं होतं. मला खरंच धक्का बसला. आजवर मी केलेल्या वस्तू लग्नात मांडायच्या, दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी न्यायच्या. ही वस्तू माझ्यानंतरही राहणार होती.

आता सात पुरतील का, हे अभिजीतला विचारायला हवं होतं. टेलिफोनच्या यादीत आमचा नंबर यायला अजून अवकाश होता आणि हिम्मतरावांच्या फोनला कुलूप. म्हणून मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून त्याच्या ऑफिसात फोन लावला. लाइन खरखरत होती, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागलं.

"अभिजीत, गोळे तयार आहेत! ...हो, सात. हिरवे... नाही रे, ह्यांना काहीच माहीत नाही, घरातच केले, गुपचूप... अरे, पहिल्यांदा औषध जास्त पडलं, भसकन धूर आला, वाटीच गेली! आता बरोबर जमलंय... रविवारी. तुम्ही सगळे जमलात की मी बाहेर काढते... मला एक सांग, एक फुटला की त्याचे दोन होतात ना? ...बरं बरं. आणि माणसं? सगळी एकदम मरतात की थोडी थोडी?"

फोन ठेवून वळले तर बूथवाल्याने रेडिओ बंद केला होता. सुटे पैसे परत देताना त्याने माझ्या हाताला हात लागू दिला नाही. माझ्या अंगाला रेझिनचा वास येत असेल, असं वाटून मीच ओशाळले.

मराठी माणसाने हैदराबादेत एक गोष्ट कधी विसरू नये. इथे आपली भाषा कुणाला येत नाही हे खरं, पण सगळ्यांना ती अर्धी कळते. आणि आपला गोळा इकडच्या कानात शिरताना 'गोला' होतो. तोफेचा.

शनिवारी दुपारी खालून हिम्मतरावांची ललकारी आली. "मंगलाबाई! इन्स्पेक्टर आले हो, इन्स्पेक्टर! माल बघायला!"

सरकारी कचेरीतून इतक्या तत्परतेने कुणी येईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी साडी झटकली आणि सामोरी गेले. साध्या कपड्यांतले, जाड मिशांचे एक साहेब, आणि त्यांच्यामागे जिना मोजत चढणारा यादगिरी नावाचा हडकुळा सहायक. त्यांच्यामागे शेरवानीत हिम्मतराव.

"आप गोले बनाते?" साहेबांनी दारातच विचारलं.

"हौ जी!" मी अभिमानाने म्हणाले. "बैठिए ना. पानी लाऊँ?"

साहेब बसले, खुर्चीच्या अगदी काठावर. "कितने बनाए?"

"अब्बी तो सात. लेकिन लोगों को पसंद आए तो और करेंगे. जगह की अडचन है, नहीं तो रोज के चौदह हो जाएँगे."

यादगिरी एक पाऊल मागे सरकला.

"सिखाया कौन?"

"कोई नहीं. मन से. पहले हम ये लग्न में करते थे."

"शादियों में?" साहेबांचा आवाज चिरकला.

"कितने सालों से! सारे बरकतपुरे के लग्न में हमारेच होते."

"माझ्या मशवऱ्याने," हिम्मतरावांनी मधेच मान झुकवून सांगितलं. "दरख्वास्तीचा मजमून माझा. नाचीजाची दस्तखत आहे."

"और ये वाले किसके वास्ते?"

"हमारे मिस्टर के वास्ते. कल इतवार को इधरीच टेबल पे रखेंगे. सब लोग बैठते ना, तब." आणि त्यांच्या चेहऱ्यावर अजून शंका दिसते म्हणून मी म्हणाले, "रुको, दिखाती. हाथ में लेके देखो आप."

मी आत जाऊन आप्पेपात्रच घेऊन आले, वर झाकण. बाहेर येऊन मी झाकण उचललं मात्र, यादगिरी सोफ्यामागे आडवा झाला. साहेबांनी डोळे मिटून घेतले. हिम्मतराव दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.

काहीच झालं नाही. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

साहेबांनी एक डोळा उघडला. "ये... क्या है?"

"मूर्ती, इतर," मी म्हणाले. "आप उद्योग खाते के ना?"

"पुलिस," साहेब म्हणाले.

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं. त्या आवाजाने यादगिरी सोफ्यामागे पुन्हा आडवा झाला. आणि हिम्मतराव, ज्यांची दस्तखत होती ते हिम्मतराव, खास इंग्रजीत म्हणाले की ते केवळ घरमालक आहेत, आणि पाण्याची मोटर बंद करायला निघून गेले.

अशा वेळी हे घरी आले. दारात परके बूट, सोफ्यामागे माणूस, मध्ये पांढरीफटक बायको. साहेबांनी ह्यांची बॅग उघडायला लावली. आतून निघाले फासे आणि किल्ल्याचा नकाशा. खजिना कुठे, भुयार कुठे, पहारेकरी कुठे डुलकी काढतो, सगळं ह्यांच्या सुबक अक्षरात.

"कौनसा किला है ये? गोलकोंडा?"

"नाही," हे म्हणाले.

"फिर?"

"खोटा."

"मतलब?"

"खेळ," हे म्हणाले, आणि थांबले. ह्यांचे दिवसाचे शब्द संपत आलेले मला दिसत होते. कपाळावर घाम. मी समजावू पाहिलं, पण माझ्या समजावण्यानेच तर ही वेळ आली होती.

"देखो जी," साहेब उठले, "ऊपर से खबर है, तो सामान जप्त करना पड़ता. नक्शा, फासे, ये सब हरे-हरे. हफ्ता-दस दिन में तपास के देंगे."

हफ्ता-दस दिन! उद्या रविवार होता, आणि उद्याच शेवटचा. यादगिरीने आप्पेपात्राकडे हात नेला. मी ते सोडलं नाही. पोलिसाशी आप्पेपात्राची ओढाताण करायची वेळ आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणावर आली नसेल.

तेवढ्यात ह्यांनी मधे हात घालून एक राक्षस उचलला. तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. आतलं ते झोपलेलं माणूस बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. पण त्या न बोलण्याला मी सरावलेली आहे, आणि हे त्यातलं नव्हतं.

ह्यांनी नकाशा टेबलावर पसरला, खुर्ची ओढून बसले, आणि कुठल्या तरी खोल विहिरीतून यावा असा आवाज आला. "आप दोनों एक सुरंग में खड़े हैं."

साहेब थबकले.

"अंधेरा है. ऊपर से पानी टपक रहा है."

यादगिरीने छताकडे पाहिलं.

"पीछे का दरवाजा बंद हो गया. सामने रस्ते में कुछ हरा-हरा चमक रहा है." ह्यांनी राक्षस नकाशावर ठेवला. "बोलिए, क्या करते?"

हे असलं हैदराबादी बोलायला ह्यांना कधी आलं, ते मला अजून माहीत नाही. बसमध्ये गप्प बसून सगळं साठवत असणार.

"वायरलेस करता," साहेब नकळत म्हणाले.

"वायरलेस नहीं है. पुराना जमाना है. आपके पास मशाल है, लाठी है."

साहेब खुर्चीत बसले, यावेळी मागे टेकून. "यादगिरी, जा, देख के आ क्या है."

"मैंच कैकु साब?"

"डूटी पे है ना?"

"सुरंग में भी डूटी?"

ह्यांनी वीस बाजूंचा फासा यादगिरीच्या हातात दिला. त्याने तो कपाळाला लावून टाकला. तीन पडले. "पाँव फिसला," हे म्हणाले, "और वो चिकट-चिकट चीज आपके पाँव को लिपट गई." यादगिरीने खरोखरीचा डावा पाय उचलून खुर्चीवर घेतला.

"छोड़ मेरे आदमी को!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "लाठी मारता मैं!" अठरा पडले.

"राक्षस के दो टुकड़े हो गए," हे शांतपणे म्हणाले आणि पात्रातला दुसरा राक्षस उचलून पहिल्याशेजारी ठेवला. "और दोनों जिंदा हैं."

"अरे! एक फूटा तो दो..." साहेब बोलता बोलता थांबले. एसटीडी बूथमधला सगळा संवाद त्यांच्या चेहऱ्यावरून पुन्हा एकदा हळूहळू गेलेला मला दिसला. मग ते हसले. मिशीतून, पोटातून, खुर्ची कुरकुरेपर्यंत. हसून झाल्यावर डोळे पुसत उठले.

"सामान रखो आप. लेकिन एक ले जाना पड़ता. ऊपर दिखाना है, नै तो कोई मानेगा नै."

"साब," यादगिरी पाय खुर्चीवर ठेवूनच म्हणाला, "और मेरा पाँव?"

"चल बे," साहेब म्हणाले, आणि तो लंगडत गेला.

रविवारी सहा राक्षस टेबलावर आले. अभिजीत आणि रुपालीने 'काकू!' म्हणून जी किंकाळी मारली ती ऐकून हिम्मतरावांनी खालचं दार आतून लावून घेतलं. मी भजी तळलीच नाहीत, सरळ बाहेर स्टुलावर बसून ऐकलं. गोष्ट संपली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. अभिजीत वाकून पाया पडला, एक राक्षस खिशात घालून गेला, आणि हे जिन्यात बराच वेळ उभे राहिले.

सोमवारी 'चहा'. मंगळवारी 'चहा'. बुधवारी चहा मीच न विचारता दिला, तर तोही शब्द गेला. राक्षस मी शोकेसमध्ये मांडले. एकदा ह्यांनी त्यांच्यावरची धूळ पुसलेली मी पाहिली, पण तिथे धूळ नव्हती.

पुढच्या रविवारी दुपारी हे गॅलरीत वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हतं. मी कुकर लावला. गॅस बारीक करायचं कारण उरलं नव्हतं, मोठाच ठेवला. तोच बेल वाजली.

दार उघडलं. यादगिरी! इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा.

"फिर क्या हुआ?" मी विचारलं. "वरती पसंत नहीं पडा क्या?"

"वैसा कुछ नै अम्मा." तो दारातच अवघडून उभा राहिला, एका पायावर. "साब है क्या? वो सुरंग में मैं अब्बी तक वैसाच खड़ा हूँ ना. पाँव फँसा हुआ. पूरा हफ्ता डूटी पे मन नै लगा. बड़े साब भी नीचे स्कूटर लगा रे."

मी काही बोलण्याआधी गॅलरीतून वर्तमानपत्राची घडी झाल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा. आणि मग आतून तो आवाज आला, खोल, ओलसर, मुळीच घाई नसलेला.

"यादगिरी... पानी अब घुटने तक आ गया है."

उंबऱ्यात उभ्या असलेल्या यादगिरीने वाकून पँट वर ओढली.